लंडनहून येताना वाचलेला एक तास

शेजारच्या काकू लंडनला मुलाकडे राहून परवा जळगावात परतल्या. ओट्यावर बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "काय रे भाऊ, जाताना विमानाला दहा तास लागले, येताना नऊच. अंतर तर तेवढंच ना?" नातू मध्येच म्हणाला, "आजी, उलटच व्हायला पाहिजे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे जाताना लंडनच आपल्याकडे येतं!"

पोराची शंका रास्त आहे. मात्र तिचाच आधार घेऊन 'पृथ्वी फिरतच नाही' असं सिद्ध करणारे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, तो निव्वळ खोटेपणा आहे. असा मेसेज पुढे ढकलण्याआधी भुसावळहून सुटलेल्या गाडीतली माशी आठवावी. गाडी ताशी शंभरने धावते, तरी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, कारण डब्यातली हवाही गाडीबरोबरच चाललेली असते. तशीच जळगावची जमीन आणि तिच्यावरची हवा, दोन्ही ताशी सुमारे 1,560 किलोमीटरने पूर्वेला चालली आहेत.

मग तास वाचतो कुठे? वाऱ्यामुळे. आणि तो वारा पृथ्वीच्या फिरण्यातूनच जन्मतो, हे मला फार सुंदर वाटतं.

बॉलपेनची रिकामी नळी घ्या. दोऱ्याला लहानसा नट बांधून दोरा नळीतून ओवा. नळी डोक्यावर धरून नट गरगर फिरवा आणि खालून दोरा हळूहळू ओढा. वर्तुळ लहान होत जातं तसा नट वेग घेतो, दोरा बोटांना रुततो. यालाच कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात: अक्षापासूनचं अंतर आणि वेग यांचा गुणाकार कायम राहतो.

आता नटाच्या जागी हवा ठेवा. विषुववृत्तावर जमिनीबरोबर हवेचा वेग ताशी 1,670 किलोमीटर असतो. तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते, म्हणजेच पृथ्वीच्या अक्षाजवळ येते. 30 अंश अक्षांशावर पोचेपर्यंत तिचा वेग हिशेबाने 1,930 व्हायला हवा. तिथल्या जमिनीचा वेग मात्र 1,450 च्या आत. म्हणजे हवा जमिनीपेक्षा ताशी सुमारे 480 किलोमीटरने वेगवान! प्रत्यक्षात वाटेतल्या भोवऱ्यांत बराच संवेग निघून जातो, तरी हिवाळ्यात उत्तर भारतावर, 10-12 किलोमीटर उंचीवर, ताशी दोनशेच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. हाच जेट प्रवाह. जपानच्या वासाबुरो ओइशींनी 1920 च्या दशकात फुगे सोडून असे वारे मोजले होते, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या कृत्रिम भाषेत छापला, त्यामुळे जगाचं लक्षच गेलं नाही.

जळगाव–मुंबई प्रवासात हा फरक शोधू नये. रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर असलेलं हे अंतर सरळ रेषेत 355 च्या आसपास भरतं, आणि पंख्यांचं एटीआर विमान जेट प्रवाहाच्या बरंच खालून उडतं.

काकूंनी शेवटी विचारलं, "म्हणजे जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो?"

नाही निघत. मुंबई–लंडन 7,200 किलोमीटर, विमानाचा वेग 900 आणि वारा 100 धरा. वारा नसता तर जाऊन-येऊन 16 तास. वाऱ्याविरुद्ध 9 तास, वाऱ्याबरोबर 7 तास 12 मिनिटं, मिळून 16 तास 12 मिनिटं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि साथीच्या वाऱ्याचा फायदा त्याला कमी वेळ मिळतो, म्हणून बारा मिनिटं जातात ती जातातच.