‘लिटल जायंट्स’ आणि ‘किकिंग अँड स्क्रीमिंग’: फुटबॉल दोन्हीकडे, पण खेळ वेगळे

लहान मुलांची फुटबॉल टीम, कोच म्हणून उभा राहिलेला साधासुधा बाप, समोर घरातलाच माणूस प्रतिस्पर्धी आणि शेवटी मोठी मॅच. एवढं वर्णन केलं की लोक एका सिनेमाचं नाव घेतात आणि गोष्ट दुसऱ्याची सांगतात. ‘लिटल जायंट्स’मध्ये मुलांनी शेवटच्या मिनिटाला ‘गोल’ मारला, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता राहवत नाही. त्या सिनेमातल्या फुटबॉलमध्ये जिंकतात ते टचडाउन करून, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडून.

वरवरचे फरक पटकन सांगतो. ‘लिटल जायंट्स’ १९९४चा. ओहायोतल्या एका छोट्या गावात दोन भाऊ. केव्हिन (एड ओनील) एकेकाळचा नावाजलेला खेळाडू, डॅनी (रिक मोरॅनिस) पेट्रोल पंप चालवणारा. केव्हिन गावाची टीम निवडतो आणि डॅनीच्या मुलीला, बेकीला, ती मुलगी आहे म्हणून वगळतो. मग डॅनी उरलेल्या पोरांची टीम बांधतो. ‘किकिंग अँड स्क्रीमिंग’ २००५चा. तिथे भांडण बापलेकांचं: बक (रॉबर्ट डुव्हॉल) स्वतःच्या नातवाला आपल्या टीममधून काढून तळाच्या टीमकडे देऊन टाकतो आणि बकचा मुलगा आणि त्या नातवाचा बाप फिल (विल फेरेल) त्या टीमचा कोच होतो. जवळपास याच नावाचा १९९५चा नोआ बॉमबाखचा एक सिनेमा आहे, तो कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांचा. त्याचा फुटबॉलशी संबंध नाही.

घोळ होतो तो ‘फुटबॉल’ या शब्दामुळे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो ‘किकिंग अँड स्क्रीमिंग’मध्ये आहे. त्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात, आणि हा शब्द अमेरिकनांनी काढला असं समजून नाकं मुरडणाऱ्यांना एकच सांगणं: तो इंग्लंडमध्येच ‘असोसिएशन’ शब्दाची मोडतोड करून तयार झाला. ‘लिटल जायंट्स’मध्ये आहे तो अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि चेंडू बहुतेक वेळ हातात.

इथवर पुष्कळांना माहीत असतं. पण चेंडूचा आकार सांगून थांबलं की खरा फरक हातून निसटतो. खरा फरक कोचच्या हातात काय आहे, यात आहे.

अमेरिकन फुटबॉल तुकड्या-तुकड्यांनी खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा, की खेळ थांबला. पोरं वर्तुळ करून उभी राहतात, पुढची चाल ठरते, सगळे आपापल्या जागी जातात आणि पुन्हा सुरुवात. ती चाल बहुतेकदा कोच ठरवतो. ‘लिटल जायंट्स’ आला त्याच १९९४मध्ये एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, क्वार्टरबॅकच्या (चाल सुरू करून चेंडू पुढे देणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी दिली, म्हणजे कोच थेट खेळाडूच्या कानात बोलू लागला. आपल्या फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली की खेळ पोरांचा. कोच रेषेबाहेरून ओरडतो, आणि ते ऐकू येईपर्यंत चेंडू तिसऱ्याच्या पायात गेलेला असतो.

दोन्ही सिनेमे हसवतात ते यातूनच, पण उलट्या वाटांनी. ‘लिटल जायंट्स’चा विजय कागदावर आखलेल्या चालीत आहे. टीममधला हुशार, किरकोळ पोरगा न्यूबी एक चाल शोधतो. तिचं नाव ‘अ‍ॅनेक्सेशन ऑफ प्वेर्तो रिको’. चेंडू गुपचूप जमिनीवर सोडायचा, बाकीच्यांनी तो आपल्याकडेच असल्यासारखं पळायचं, आणि पुढच्या फळीत अडवायला उभ्या असलेल्या धिप्पाड झोल्टेकने तो उचलून उलट दिशेने निघायचं. पुढे तो चेंडू आणखी दोघांच्या हातातून जातो आणि ९९ यार्ड पार होतात. ही निव्वळ सिनेमातली थाप नाही. १९८४च्या ऑरेंज बोल या कॉलेज फुटबॉलच्या मॅचमध्ये नेब्रास्का विद्यापीठाने याच जातीची चाल खेळून टचडाउन केलं होतं. खेळ थांबून पुन्हा सुरू होतो, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, म्हणूनच ती जमते. शिवाय या खेळात प्रत्येकाला एकच नेमून दिलेलं काम असतं. जाडा पोरगा अडवतो, चपळ पोरगा पळतो. त्यामुळे ‘उरलेल्या’ पोरांची टीम उभी राहते हे पटतं.

आपल्या फुटबॉलमध्ये अशी कामाची वाटणी करता येत नाही. चेंडू कुणाच्याही पायाशी येतो. म्हणून फिलला जिंकायची घाई झाली की त्याच्यापाशी एकच उपाय उरतो. तो खाटकाच्या दुकानात काम करणारी दोन इटालियन पोरं टीममध्ये आणतो आणि बाकीच्यांना सांगतो, चेंडू मिळाला की त्यांच्याकडे द्या. कॉफीच्या आहारी गेलेला फिल रेषेवर किंचाळतोय, टीम जिंकतेय, आणि स्वतःच्या टीममध्ये बाकीच्या पोरांना खेळायलाच मिळत नाही. सिनेमाचा सगळा सल इथे आहे. लोक याला ‘फेरेलचा आरडाओरडा’ म्हणून सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. हातात काहीच नसलेला कोच ओरडण्यावाचून दुसरं काय करणार?

गोंधळ वाढवणारा आणखी एक माणूस आहे: माइक डिटका. शिकागो बेअर्स या टीमला जानेवारी १९८६मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकून देणारा हा कोच ‘किकिंग अँड स्क्रीमिंग’मध्ये स्वतःच्याच नावाने आहे, बकचा शेजारी आणि फिलचा सहायक म्हणून. त्याला पाहिलं की लोक सिनेमा अमेरिकन फुटबॉलच्या खात्यात टाकतात. खरं तर त्याला घेण्यातली गंमतच ही की तो दुसऱ्याच खेळातला दादा माणूस आहे.

एकच बघायचा असेल तर मी ‘लिटल जायंट्स’ सांगेन. त्याला स्वतःचा खेळ नीट कळलेला आहे. टीमचा क्वार्टरबॅक ज्युनियर आवडतो म्हणून बेकी टीम सोडून चीअरलीडर झालेली असते. मैदानावर त्याला जोराचा धक्का बसतो, आणि ती पॉम-पॉम टाकून हेल्मेट चढवते. खेळ तेव्हा थांबलेला असतो, आणि पुढची चाल सुरू होईपर्यंत ती मैदानात असते.