विमावाल्याचा संघ: चार्ली फिनली आणि बेसबॉलची वीस वर्षं

१९४६ मध्ये चार्ली फिनलीला क्षयरोगाने गाठलं आणि इंडियानातल्या एका आरोग्यधामात तो सत्तावीस महिने अंथरुणाला खिळून राहिला. गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्यात घाम गाळलेला हा माणूस तेव्हा विमा विकत होता, पण स्वतःच्या आजारपणासाठी विमा घ्यायचा राहून गेला होता. त्याच खाटेवर त्याला डॉक्टरांसाठी सामूहिक अपंगत्व विम्याची कल्पना सुचली. त्यातून तो कोट्यधीश झाला.

डिसेंबर १९६० मध्ये त्याने कॅन्सस सिटीच्या ‘ॲथलेटिक्स’ या बेसबॉल संघातला बहुसंख्य वाटा घेतला. हिरवे-सोनेरी गणवेश, पांढरे बूट, स्वतःचं नाव दिलेलं खेचर: मैदानात गर्दी खेचण्यासाठी त्याने काय काय केलं! १९६८ मध्ये संघ ओकलंडला नेला. खेळाडू ओळखण्याची त्याची नजर मात्र खरोखर तयार होती. रेजी जॅक्सन, कॅटफिश हंटर, वायडा ब्लू, रॉली फिंगर्स. १९७२, ७३, ७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिका, या पोरांनी जिंकल्या.

पण मालकाशी पटेना. १९७३ च्या अंतिम मालिकेत, दुसऱ्या सामन्याच्या बाराव्या डावात माइक अँड्र्यूजच्या हातून दोन चुका झाल्या आणि सामना गेला. फिनलीने त्याला खांदा दुखावल्याच्या कागदावर सही करायला लावून संघाबाहेर काढलं. सहकारी चिडले. सरावाला उतरताना त्यांनी गणवेशावर चिकटपट्टीने त्याचा १७ हा आकडा लावला. बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बोवी कून याने अँड्र्यूजला परत घ्यायला लावलं. चौथ्या सामन्यात तो फलंदाजीला आला तेव्हा न्यूयॉर्कचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो लगेच बाद झाला, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. मालिका जिंकूनही प्रशिक्षक डिक विल्यम्सने राजीनामा दिला.

खरा घाव बसला तो एका विम्याच्या कलमामुळे. हंटरचा १९७४ चा पगार एक लाख डॉलर. त्यातले पन्नास हजार वर्षासनासाठी, म्हणजे पुढे दरवर्षी मिळणाऱ्या रकमेसाठी, विमा कंपनीत भरायचे, असं करारात लिहिलेलं. आपल्याला करसवलत लगेच मिळत नाही म्हणून फिनलीने ते भरलेच नाहीत. ज्याची सगळी मिळकत अशाच कागदांवर उभी होती, त्याने हे करावं याचं वाईट वाटतं. डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झने करारभंग मानून हंटरला मोकळं केलं. त्या मोसमात २५ सामने जिंकून देणारा हा पिचर (चेंडू फेकणारा) तीस लाख डॉलरहून मोठ्या करारावर यँकीज संघाकडे गेला.

पुढच्याच वर्षी साइट्झच्या दुसऱ्या निकालाने, खेळाडूला एकाच मालकाशी बांधून ठेवणारं कलम मोडलं. बाकीचेही फुकट जाणार हे ओळखून फिनलीने जून १९७६ मध्ये आपला आणखी एक खेळाडू जो रूडी आणि फिंगर्स यांना दहा-दहा लाख डॉलरना, ब्लूला पंधरा लाखांना दुसऱ्या संघांना विकलं. कूनने तीन दिवसांत ते व्यवहार रद्द केले. फिनली कोर्टात गेला आणि हरला.

१९७९ मध्ये संघाने १०८ सामने गमावले. एप्रिलमधल्या एका सामन्याला अवघी ६५३ माणसं होती. १९८० मध्ये त्याने संघ जीन्स बनवणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या हास कुटुंबाला विकला.