यातला मान्टॉयफेल कुठला?

प्रशियाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास वाचायला घेतला की 'मान्टॉयफेल' हे आडनाव सारखं समोर येतं, आणि लिहिणारे पहिलं नाव द्यायचा कंटाळा करतात. १८५० मध्ये ऑस्ट्रियापुढे नमतं घेणारा आणि १८७१ मध्ये फ्रेंच फौजेला स्वित्झर्लंडच्या हद्दीत रेटणारा मान्टॉयफेल एकच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पासष्टी ओलांडलेला मंत्री घोड्यावर बसून बर्फातून एवढी मजल मारतो, याचं कौतुकही वाटायचं.

ते दोघे होते. ऑटो जन्मला १८०५ मध्ये, एडविन १८०९ मध्ये. चुलतभाऊ, आणि लहानपणी एकत्रच वाढलेले. ऑटो कायदा शिकून सरकारी नोकरीत शिरला, नोव्हेंबर १८४८ मध्ये गृहमंत्री झाला आणि १८५० च्या अखेरीपासून १८५८ पर्यंत पंतप्रधान होता. ज्यात प्रशियाने ऑस्ट्रियापुढे नमतं घेतलं, त्या ओल्म्युट्झच्या करारावर सही त्याची. एडविन १८२७ मध्ये बर्लिनच्या गार्ड ड्रॅगून पलटणीत दाखल झाला आणि १८४८ मध्ये राजा चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मचा अ‍ॅड्ज्युटंट, म्हणजे सतत जवळ वावरणारा लष्करी अधिकारी झाला.

खरा घोळ होतो तो १८५० च्या दशकात, कारण तेव्हा दोघेही एकाच राजाच्या पदरी होते. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी 'राजाने मान्टॉयफेलला व्हिएन्नाला धाडलं' असं वाचलं की आपण पंतप्रधान गेला असं समजतो. गेला होता एडविन. राजाला मंत्र्यांच्या डोक्यावरून काही करायचं असलं की तो आपल्या अ‍ॅड्ज्युटंटांपैकी कुणाला तरी पाठवायचा.

म्हणूनच फरक आडनावापुढच्या नावापुरता नाही. १८५० च्या राज्यघटनेप्रमाणे राजाच्या हुकुमावर मंत्र्याची सही लागे आणि जबाबदारी त्या मंत्र्याच्या गळ्यात पडे. अ‍ॅड्ज्युटंटाच्या गळ्यात काहीच नाही, पण राजाचा कान मात्र त्याच्याकडे. ऑटोला ही मंडळी इतकी सलत होती, की एडविनचा वडीलधारा सहकारी जनरल लेओपोल्ड फॉन गेर्लाख याच्या खासगी पत्रांच्या नकला त्याने एका हेराकरवी चोरून मिळवल्या. हेराने तोच माल पुढे फ्रेंचांनाही विकला आणि प्रकरण चव्हाट्यावर आलं. स्वतःच्याच राजाच्या दरबारावर पाळत ठेवणारा पंतप्रधान! त्याच्या खुर्चीत किती बळ होतं, ते एवढ्यावरून कळतं.

एडविनचं बळ होतं १८५७ नंतरच्या त्याच्या टेबलावर. तो मिलिटरी कॅबिनेटचा प्रमुख झाला. हे मंत्रिमंडळ नव्हे, नावाने फसू नका. सैन्यातल्या नेमणुका, बढत्या आणि निवृत्त्या बघणारं राजाचं कार्यालय. त्याने थकलेल्या अधिकाऱ्यांना भराभर घरी बसवलं. १८ जानेवारी १८६१ च्या हुकुमाने तर अशा नेमणुकांवर युद्धमंत्र्याची सही घ्यायची गरजच काढून टाकली. घटनेला पडलेलं हे भोक छोटं दिसतं, पण त्यातून सगळं सैन्य बाहेर काढता येत होतं.

त्याच वर्षी बर्लिनचे उदारमतवादी न्यायाधीश कार्ल ट्वेस्टेन यांनी निनावी पुस्तिका काढून या कार्यालयावर आणि एडविनवर झोड उठवली. एडविनने लेखकाचं नाव मागितलं. ट्वेस्टेन यांनी ते लपवलं नाही आणि शब्दही मागे घेतले नाहीत. २७ मे १८६१ रोजी पिस्तुलांचं द्वंद्व झालं. ट्वेस्टेन यांच्या हाताला गोळी लागली, आणि एडविनला थोडा काळ किल्ल्यात कैद भोगावी लागली. ऑटोवर असली टीका झाली असती तर त्याने वर्तमानपत्रावर पोलीस सोडले असते, असं आपलं माझं मत.

राजाच्या इतक्या जवळचा माणूस तेव्हाचा पंतप्रधान बिस्मार्क याला परवडणारा नव्हता. १८६५ मध्ये एडविनला श्लेसविगचा गव्हर्नर करून बर्लिनबाहेर काढण्यात आलं. ऑस्ट्रियाविरुद्धच्या १८६६ च्या युद्धात फ्रँकफुर्ट शहराकडे अडीच कोटी गुल्डनची खंडणी मागणारा मान्टॉयफेल हाच. त्या दडपणाखाली तिथले महापौर फेल्नर यांनी गळफास घेतला. जानेवारी १८७१ मध्ये फ्रेंच सेनापती बुर्बाकीच्या फौजेला स्वित्झर्लंडच्या सीमेपार हाकलणाराही हाच. १८७३ मध्ये तो फील्डमार्शल झाला.

तेव्हा तारीख १८५८ च्या आधीची आणि विषय करार, परिषद किंवा मंत्रिमंडळाचा असला, उदाहरणार्थ १८५६ ची पॅरिस परिषद, तर ऑटो समजावं. त्याच काळात राजाचा निरोप घेऊन कुणी गुपचूप कुठे निघाला असला तर एडविन. १८५८ मध्ये ऑटोचं पद गेलं आणि पुढे फारसा प्रश्न उरत नाही. १८७९ पासून, फ्रान्सकडून जिंकून घेतलेल्या अल्सेस-लॉरेन प्रांताचा कारभार स्ट्रासबुर्गहून बघणारा मान्टॉयफेलही एडविनच; ऑटो १८८२ मध्ये वारला, तेव्हा हा त्या पदावर होता आणि १८८५ मध्ये मरेपर्यंत राहिला.