शेवंडाच्या पोटातले दात आणि मेंदूतली रसायनं

शेवंडाच्या जठरात तीन दात असतात. गिळलेलं अन्न ते तिथे भरडतात. हे दात हलवणारे स्नायू ज्या चेतागुच्छाच्या हुकमतीत असतात, त्यात चेतापेशी जेमतेम तीस. हा गुच्छ त्याला जोडलेल्या शेजाऱ्यांसकट बाहेर काढून खाऱ्या द्रावणाच्या बशीत ठेवला, तरी त्याचे विद्युत्-ठेके चालूच राहतात. पोट नाही, अन्न नाही, लय मात्र कायम!

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा बशीत एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, सोडलं गेलं. एरवी ते कवचधारी प्राण्यांच्या अंगावरचे लाल रंगकण आकसवतं, म्हणजे त्याची ओळख काहीशी वेगळ्याच कामाची. तोवर दातांची एक लय होती आणि जठराच्या पुढच्या पिशवीची दुसरी, आपापल्या चालीने चाललेली. पेप्टाइड पोहोचलं आणि दोन्हींची मिळून एकच नवी लय तयार झाली. जोडण्या होत्या तशाच होत्या. कोणी कोणाचं ऐकायचं, तेवढं बदललं होतं.

मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा हाती आला की वागणुकीचं कोडं सुटेल, या आशेला इथे पहिला धक्का बसतो.

चेतापेशींचं नेहमीचं बोलणं कानात कुजबुजल्यासारखं असतं. ग्लुटामेटसारखे छोटे रेणू चिंचोळी फट ओलांडतात, काही सहस्रांश सेकंदांत निरोप देतात आणि लगेच उचलले जातात. न्यूरोपेप्टाइडचा, म्हणजे चेतापेशींनी निरोपासाठी बनवलेल्या पेप्टाइडचा, कारभार संथ. पेशी आधी एक लांबलचक प्रथिन बनवते, विकरं त्याचे तुकडे करतात आणि ते पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, भरून दूर पाठवले जातात. पेशी बराच वेळ जोरात कडाडली की सहसा ते बाहेर पडतात, आजूबाजूला पसरतात आणि विकरांनी तोडेपर्यंत रेंगाळतात. ज्या पेशीकडे जुळणारा ग्राही, म्हणजे निरोप टिपणारं प्रथिन, आहे, तिलाच हाक ऐकू येते. परिणाम काही सेकंद टिकतो, कधी कित्येक मिनिटं.

ग्राहीतल्या किरकोळ बदलानेही केवढा फरक पडावा! सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीच्या अंगात फक्त ३०२ चेतापेशी. काही कृमी जिवाणूंच्या थरावर एकेकटे चरतात, काही घोळका करून. १९९८ साली कारण सापडलं: न्यूरोपेप्टाइडच्या एका ग्राहीत २१५व्या जागी व्हॅलीन असेल तर कृमी एकलकोंडा, फिनाइलअ‍ॅलनिन असेल तर कळपातला. फरक एका अमिनो आम्लाचा.

म्हणून माणसातही ‘प्रेमाचा रेणू’ शोधायचा मोह होतो. ऑक्सिटोसिनला ते बिरुद कधीच चिकटलंय. मला ते कधी पटलं नाही. नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू प्रसूतीच्या कळा आणतो, दूध उतरवतो. जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यात त्याचा जोडीदाराच्या ओढीशी संबंध दिसला, हेही खरं. पण २०२३ साली ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले व्होल तयार केले गेले, तर त्यांनीही जोड्या जमवल्या.

ओरेक्सिन या दुसऱ्या न्यूरोपेप्टाइडची गोष्ट मात्र जास्त सरळ आहे. निद्राघाताचा (नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाही झोप अनावर होण्याचा) आनुवंशिक आजार असलेल्या डॉबरमनसमोर आवडीचं खाणं ठेवलं, की तो उत्साहाने दोन घास घेतो आणि मागचे पाय लटके पडतात. मग मान कलते आणि अख्खा कुत्रा जमिनीवर. डोळे उघडे, शुद्ध शाबूत. थोड्या वेळाने उठून पुन्हा खायला लागतो. १९९९ साली कळलं, की या कुत्र्यांत ओरेक्सिनचा एक ग्राही बिघडलेला असतो. हा आजार असलेल्या माणसांत हाच प्रकार सहसा हसू फुटल्यावर घडतो. फक्त त्यांच्यात ग्राही सहसा ठीक असतात. ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींत त्या लाखाच्या आतच, पण जागेपण टिकवून धरणं त्यांच्यावर अवलंबून.

हाच बिघाड पुढे औषध म्हणून कामी आला. २०१४ साली अमेरिकेत मंजूर झालेली सुवोरेक्झंट ही झोपेची गोळी ओरेक्सिनचे ग्राही रात्रीपुरते अडवते. ती स्वतः पेप्टाइड नाही. पेप्टाइड गिळलं तर पोटातच पचून जातं, आणि रक्तात पोहोचलं तरी मेंदूच्या दारावरची गाळणी त्याला सहजासहजी आत घेत नाही.