हरित आरोग्य पुरवठासाखळी : हिशेबात काय धरलं, काय सुटलं

आरोग्यसेवेची पुरवठासाखळी पर्यावरणपूरक करायची चर्चा आज गणिती प्रारूपांच्या भाषेत चालते. गोदामं किती, कुठे, माल कशाने न्यायचा, साठा किती ठेवायचा. या प्रश्नांची मुळं शोधायची तर आधी काचेच्या सिरिंजकडे जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयात आलेली बहुतेक साधनं वर्षानुवर्षं तिथेच राहत. सिरिंज वापरून झाली की नळी आणि दट्ट्या वेगळे करायचे, धुवायचे, कापडात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला वाफवायचे. अनेक सिरिंजांच्या दोन्ही भागांवर एकच क्रमांक असे, कारण एकीचा दट्ट्या दुसरीत घट्ट बसत नसे. या कामाला हात लागत, वेळ लागे, आणि निष्काळजीपणा झाला की एकाची कावीळ दुसऱ्याला होई. १९५० आणि ६०च्या दशकांत प्लॅस्टिकने हे ओझं उतरवलं. १९८०च्या दशकात एचआयव्हीची भीती पसरली आणि ‘एकदा वापरा, फेकून द्या’ हाच नियम झाला. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी (युएनएफपीए) यांनी लसीकरणासाठी पुन्हा वापरताच येणार नाहीत अशाच सिरिंजा वापरण्याचं संयुक्त आवाहन केलं. सुईच्या बाबतीत हे योग्यच होतं. पण तोच नियम रक्तदाबाच्या पट्ट्यांपासून गाऊनपर्यंत पोचला, हे मला पटत नाही. कुठल्या वस्तूला निर्जंतुकीकरण हवं आणि कुठली नुसती पुसली तरी चालते, याची वर्गवारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी तोवर कधीच करून ठेवली होती.

परिणाम असा की साखळी एकेरी झाली : माल आत येतो, कचरा बाहेर जातो. १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुया वाहून आल्या तेव्हा लोक हादरले, कायदा झाला. पुढे कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांमधून डायॉक्सिन हे विषारी रसायन बाहेर पडतं हे उघड झालं आणि १९९६ मध्ये ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ ही संघटना उभी राहिली. पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने पाऱ्याच्या थर्मामीटरांना निरोप दिला. हे सगळे लढे मोलाचे, पण ते साखळीच्या शेवटच्या टोकाशी लढले गेले.

खरेदीकडे नजर वळली ती कार्बनचा हिशेब सुरू झाल्यावर. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासाने जगाच्या निव्वळ उत्सर्जनातला ४.४ टक्के वाटा आरोग्यक्षेत्राचा असल्याचं मांडलं, आणि त्यातला ७१ टक्के भाग पुरवठासाखळीतून येतो असंही. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०२० मध्ये स्वतःच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला, तिथेही पुरवठासाखळीचा वाटा ६२ टक्के निघाला. छतावर सौर पॅनेल बसवून भागणारं दुखणं हे नव्हे.

गणित मात्र आधीपासून तयार होतं. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र दिलं. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मर्यादित साधनांत सर्वोत्तम उत्तर शोधायची सिम्प्लेक्स पद्धत मांडली आणि १९५९ मध्ये जॉन रॅम्सर यांच्यासोबत पेट्रोल वाहणाऱ्या ट्रकांच्या फेऱ्या आखण्याचा प्रश्न सोडवायला घेतला. या सूत्रांत होता तो खर्च आणि अंतर, धूर नव्हता. धूर कमी करणं हे दुसरं उद्दिष्ट म्हणून घातलं की एकच सर्वोत्तम उत्तर बहुधा उरत नाही. २ ते ८ अंशांत ठेवायच्या लशी घ्या. फेऱ्या कमी केल्या तर इंधन वाचतं, पण प्रत्येक केंद्रात साठा वाढतो, शीतकपाटं मोठी लागतात आणि मुदत संपून फेकाव्या लागणाऱ्या कुप्याही वाढू शकतात. फेकलेल्या कुपीमागे कारखान्यातली वीजही वाया जाते, आणि ती धरली नाही तर प्रारूप चुकीचा मार्ग दाखवतं.

कोविडने तिसरी बाजू दाखवली. साठा कमीत कमी ठेवायची सवय लागलेल्या रुग्णालयांत मास्क संपले. मग एकदम झालेल्या खरेदीत संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमातून मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ दरम्यान सुमारे ८७,००० टन संरक्षक साहित्य गेलं, आणि त्यातलं बहुतेक कचऱ्यात जमा होणार होतं. म्हणून आताच्या प्रारूपांत खर्च आणि कार्बन यांच्याबरोबर मागणीची अनिश्चितताही धरावी लागते.

एनएचएसने एप्रिल २०२२ पासून निविदांच्या मूल्यमापनात किमान १० टक्के भार निव्वळ शून्य उत्सर्जन आणि सामाजिक मूल्य या निकषांना दिला. हा आकडा लहान वाटेल, पण कमी दराच्या निविदेला मागे टाकायला कधीकधी तेवढा पुरतो, आणि पुरवठादार आपल्या कारखान्याचा हिशेब पहिल्यांदा मांडायला लागतो.