निखळलेला दात दुधाचा की कायमचा?

विशेष गरजा असलेलं मूल असो वा दुसरं कुठलंही, ते तोंडावर आपटलं आणि समोरचा दात मुळासकट बाहेर आला, की घरचे आधी रक्त पुसायला धावतात. रक्त थांबतं. खरी घाई दात ओळखण्याची असते, कारण कायमचा दात लगेच त्याच खाचेत बसवला तर वाचू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचाच नाही. तो वर दाबताना जबड्यात तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

एरवी वयावरून अंदाज येतो. समोरचे कायमचे दात साधारण 6 ते 8 वर्षांच्या दरम्यान येतात. पण डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात फरक) असलेल्या मुलांचे दात बरेचदा उशिरा येतात, म्हणून त्यांच्या बाबतीत वयावर विसंबू नका, दातच बघा. वरच्या मधल्या दुधाच्या दाताची रुंदी सुमारे 6.5 मिमी असते, कायमच्याची 8.5 मिमी. दुधाचा दात पांढराशुभ्र, तर कायमचा किंचित पिवळसर दिसतो, आणि नुकताच आलेला असेल तर त्याच्या कडेला करवतीसारखे तीन उंचवटे असतात.

दात कायमचा असेल तर तो तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका आणि ते घासू तर मुळीच नका, कारण मुळावरच्या नाजूक पेशींवरच सगळं अवलंबून असतं. माती लागली असेल तर हलकेच धुवा आणि लगेच त्याच खाचेत बसवा. दात तासभर कोरडा राहिला की त्या पेशी जवळपास संपतात.

इथेही एक अपवाद आहे, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तो महत्त्वाचा. फिट चालू असेल, मूल स्थिर राहत नसेल किंवा गिळण्यावर ताबा नसेल, तर घरी दात बसवण्याच्या फंदात पडू नका. दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. तो दुधात (साध्या पाण्यात नव्हे) ठेवून तडक डेंटिस्ट गाठा. मुलाला हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ते आधी सांगा. अशा वेळी कायमचा दातही न बसवण्याचा निर्णय होऊ शकतो.

सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असतो तेव्हा) वरचे दात अनेकदा पुढे आलेले असतात आणि ओठ ते झाकत नाहीत, त्यामुळे पहिला मार त्यांनाच बसतो.

आणि दात सापडलाच नाही तर? तो हिरडीत आत घुसलेला असू शकतो, गिळलेला असू शकतो किंवा फुप्फुसात गेलेला असू शकतो. बोलू न शकणारं मूल हे सांगणार नाही. त्यामुळे एक्स-रे काढून घ्याच, आणि खोकला किंवा श्वासात घरघर असेल तर डेंटिस्टकडे न जाता थेट हॉस्पिटलात जा.