वटवाघूळफूल : सोलापुरातील घरगुती लागवड

टक्का या प्रजातीतील काही सावलीप्रिय, बहुवर्षायू वनस्पतींना त्यांच्या फुलोऱ्यावरून वटवाघूळफूल म्हणतात. रोपवाटिकेत मात्र ‘बॅट फ्लॉवर’ म्हणूनच विचारावे लागते. कुल डायोस्कोरिएसी, म्हणजे कोनफळ व कारांदा यांचे; पूर्वी टॅकेसी असे वेगळे कुल मानले जाई. घरी मुख्यतः दोन जाती लावतात. काळ्या-जांभळ्या फुलोऱ्याची टक्का शँट्रिएरी ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम व दक्षिण चीनपर्यंतच्या ओलसर जंगलांत तळाशी वाढते; तिचे शास्त्रीय वर्णन 1901 मध्ये झाले. दुसरी टक्का इंटेग्रिफोलिया. तिची दोन मोठी छदे (फुलांलगतची, रूप बदललेली पाने) पांढरी, जांभळट शिरांची आणि उभी असतात, व ती ईशान्य भारतापासून जावा-बोर्निओपर्यंत आढळते. याच प्रजातीतील टक्का लिओंटोपेटॅलॉइडिस ही पिठूळ कंदाची जाती पावसाळ्यानंतर जमिनीवरून पूर्ण नाहीशी होते. तिची निगा वेगळी असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाही.

या झाडासाठी सोलापूर सर्वस्वी प्रतिकूल आहे असे मानले जाते, ते अर्धेच खरे. उन्हाची धग सावलीने आवरता येते. झाड मरते ते दोन कारणांनी: फेब्रुवारी ते मेमधील कोरडी हवा आणि क्षारयुक्त जड पाणी. ही दोन्ही सांभाळता आली, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येथेही चांगली फुले येतात.

फुलोरा : पानांच्या बुडातून दांडा वर येतो तेव्हा त्याच्या टोकाची कळी छदांत गच्च मिटलेली आणि खाली वाकलेली असते. पुढे रुंद छदे पंखांसारखी पसरतात, त्यांच्याखालून दोऱ्यासारख्या लांब मिशा सुटून 25-30 सेंमीपर्यंत लोंबतात, आणि मग मधल्या झुबक्यातील लहान, सहा पाकळ्यांची फुले थोडी थोडी करून उमलतात. ज्याला आपण पंख म्हणतो ती पाने आहेत. खरी फुले आकाराने बटणाएवढी असतात. गडद रंग आणि मिशा पाहून हे फूल कुजलेल्या मांसाचा आभास करून माश्या बोलावत असावे, असा समज होता. युन्नानमध्ये टक्का शँट्रिएरीच्या रानातल्या झाडांवर झालेल्या अभ्यासात मात्र तिच्यात बहुतांशी स्वपरागण होते असे दिसले. घरात एकच झाड असले तरी फळ धरते, ते यामुळेच.

जागा : गच्ची ही सर्वांत वाईट जागा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे शेडनेटखालीही कुंडी थंड होत नाही. उत्तरेकडची ओसरी, दोन भिंतींमधला बोळ, उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आतली जागा किंवा जुन्या वाड्याचा चौक उत्तम. उघड्यावर ठेवायचेच असेल तर 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लागते. 50 टक्क्यांच्या जाळीखाली एप्रिलमध्ये पानांवर तपकिरी, कागदासारखे चट्टे पडतात. फार अंधारही नको. पानांचे देठ लांबून झाड आडवे पडू लागले, की उजेड कमी पडतो आहे असे समजावे. जून-जुलैत सोलापुरात पावसापेक्षा पश्चिमेचा वारा जास्त असतो. रुंद पाने त्याने फाटतात, म्हणून त्या बाजूला आडोसा हवाच.

मानवणारे तापमान 20 ते 32 अंश से. पस्तिशीच्या पुढे वाढ थांबते, पण मुळे थंड आणि हवा दमट असेल तर झाड तग धरते. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्रीचा पारा पंधराच्या खाली जातो तेव्हा कुंडी घरात घ्यावी. दहाच्या खालच्या रात्री पाने लिबलिबीत होऊन काळवंडतात.

माती आणि कुंडी : सोलापूरची काळी जमीन कुंडीत चिमूटभरही घालू नये. तिच्यात मुक्त चुना असतो, सामू (आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा, पीएच) आठच्या आसपास जातो, भिजली की चिकट होते आणि सुकली की भेगाळते. टक्काच्या जमिनीखालच्या मांसल, कंदासारख्या खोडाला यातले काहीच सोसत नाही. हवे ते मोकळे, किंचित आम्लधर्मी (सामू 5.5 ते 6.5) मिश्रण. चांगले प्रमाण असे: पानांचे कुजलेले खत 2 भाग, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे किंवा पाइनची साल 2 भाग, धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) 1 भाग, पर्लाइट (खनिजाचे हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) 1 भाग, लाकडी कोळशाचा चुरा अर्धा भाग, गांडूळखत अर्धा भाग. कोकोपीटात मीठ असते, म्हणून ते तीनदा भिजवून पिळावे. सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यावे. सगळे चाळणीने चाळून खालची धूळ टाकून द्यावी, कारण हीच धूळ वर्षभरात कुंडीच्या तळाशी बसून निचरा बुजवते. शेणखत येथे नको. त्यातले क्षार पानांच्या कडा जाळतात.

लहान रोपाला 6 इंची, फुलण्याजोग्या झाडाला 10 ते 12 इंची कुंडी पुरते. एकदम मोठ्या कुंडीत लावले तर मुळे पोहोचत नाहीत तिथला ओलावा आंबतो. खोडाचा माथा मिश्रणाच्या पृष्ठभागाशी यावा. खोल पुरला तर कुजतो. खोड दरवर्षी थोडे वर सरकते, तेव्हा उघड्या भागाभोवती नवे मिश्रण भरावे.

उन्हाळ्यासाठी दुहेरी कुंडी हा सोलापूरला फार उपयोगी पडणारा उपाय आहे. झाड 10 इंची प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती 14 इंची, रंग न दिलेल्या मातीच्या कुंडीत विटेच्या तुकड्यावर बसवावी आणि मधल्या फटीत जाड वाळू भरून ती सतत ओली ठेवावी. मातीच्या भिंतीतून पाणी उडून जाताना मुळांभोवतीचे तापमान काही अंशांनी उतरते. हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम जास्त, त्यामुळे मुंबईत जे साधणार नाही ते येथे साधते. बाहेरच्या कुंडीलाही तळाला भोक हवे, नाहीतर आतली कुंडी पाण्यात उभी राहते.

हवेतील ओलावा : पानांच्या उंचीवर साधा डिजिटल आर्द्रतामापक टांगावा. झाडाला 60 टक्के किंवा अधिक आर्द्रता लागते, 50 पर्यंत ते निभावते. एप्रिलच्या दुपारी मोकळ्या हवेतला आकडा बरेचदा 25 च्या खाली असतो. पाने फवारल्याने हा आकडा काही मिनिटेच वर जातो आणि जड पाण्याचे पांढरे डाग मात्र कायम राहतात. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला, झाडापासून हातभर अंतरावर जुनी सोलापुरी चादर किंवा टर्किश टॉवेल दोरीवर टाकून त्याचे खालचे टोक पाण्याच्या घमेल्यात सोडावे. जाड सुती विणीत पाणी चढत राहते आणि येणारा वारा ओला होऊन झाडाकडे जातो. चढण हातभरच असल्याने वरचा भाग दुपारी तांब्याने भिजवावा लागतो. या कामाला बोअरचे पाणी चालते, कारण ते झाडाला लागत नाही. कापड क्षाराने ताठ झाले की धुऊन घ्यावे. कूलरच्या खोलीत झाड चांगले राहते, मात्र झोताच्या थेट समोर नको. चार-पाच कुंड्या जवळ जवळ ठेवल्या, तर एकमेकींच्या ओलाव्याचा फायदा मिळतो.

पाणी : नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बागेला बोअरचे पाणी घालण्याची सवय असते. जास्वंद, बोगनवेल ते सोसतात, टक्का सोसत नाही. क्षार साठले की आधी पानांची टोके तपकिरी होतात, मग नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. हा लोहाचा अभाव असतो. लोह मिश्रणात असते, पण सामू चढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. अशा वेळी खत वाढवणे ही नेहमीची चूक असून त्याने क्षारांत भरच पडते.

सर्वांत चांगले पाणी पावसाचे. सप्टेंबरच्या जोरदार पावसात पन्हाळीचे पहिले पाणी सोडून पुढचे झाकणाच्या पिंपात भरून ठेवावे. एसीतून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असते. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी चालते, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारे पाणी मूळ पाण्याहूनही क्षारयुक्त असते, ते कधीही घालू नये. टीडीएस मापकावर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) 200 पर्यंतचे पाणी निर्धास्त वापरावे. नळाचेच वापरायचे असेल, तर 10 लिटरला 2 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सामूपट्टीवर पाहावे आणि 6 ते 6.5 येईपर्यंत थोडे थोडे वाढवावे. याने पाण्याचा विम्लपणा जातो, मीठ जात नाही. म्हणून महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट चांगले पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत.

वरचा 2 सेंमी थर सुकला की पाणी द्यावे, तळातून पाझरेपर्यंत. मे महिन्यात दुपारी पाने लोंबलेली दिसली तरी आधी बोट घालून पाहावे. मिश्रण ओले असेल तर पाणी देऊ नये; पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही इतकेच, आणि संध्याकाळी झाड सावरते. त्या ओल्या कुंडीत पुन्हा पाणी ओतल्यानेच बहुतेक झाडे मे महिन्यात कुजतात. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी थोडे कोमट पाणी पुरते, पण मिश्रण पूर्ण कोरडे होऊ देऊ नये.

खत : द्राक्ष-डाळिंबाच्या शेतकऱ्यांसाठी सोलापुरात सहज मिळणारे 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी द्यावे. शेतीच्या मात्रेत दिले तर मुळे जळतात. लोहासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असे बांधून ठेवलेले लोह घ्यावे. सामू सातच्या वर असेल तर ईडीटीए प्रकार फारसा काम करत नाही, ईडीडीएचए प्रकार लागतो.

रोग व कीड : कोरड्या हवेत लाल कोळी हमखास येतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली की पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि 1-2 मिली द्रवसाबण मिसळून सूर्यास्तानंतर फवारावे, आठवड्याने पुन्हा. गंधकाची फवारणी उन्हाळ्यात टाळावी, पाने भाजतात. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत कोवळी कळी खातात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा मार्ग. खोड मऊ पडून आंबट वास आला, तर झाड काढून कुजलेला भाग पांढऱ्या टणक गरापर्यंत कापावा, कापाला दालचिनी किंवा गंधकाची पूड लावावी, एक दिवस सावलीत सुकवून नव्या मिश्रणात लावावे. उमलण्याआधीच कळी वाळण्याचे कारण बहुधा आर्द्रता अचानक घसरणे, किंवा कळी दिसल्यावर कुंडीची जागा बदलणे.

खरेदी व अभिवृद्धी (नवी रोपे तयार करणे) : रोप टपालाने मागवायचे तर जुलै-सप्टेंबरमध्येच. आल्यावर दोन-तीन आठवडे पारदर्शक पिशवीच्या तंबूत सावलीत ठेवून मगच हळूहळू मोकळ्या हवेची सवय लावावी. जुनी पाने गळणे या काळात नेहमीचेच आहे. निळ्या बॅट फ्लॉवरच्या बियांच्या जाहिराती खोट्या असतात. या प्रजातीत निळे फूल नाही.

विभागणी जूनच्या पहिल्या पावसानंतर करावी. प्रत्येक तुकड्याला किमान एक डोळा आणि थोडी मुळे हवीत. बी लावायचे तर ताजेच, कारण उगवणक्षमता लवकर घटते. पिकलेल्या फळातील गर धुऊन बी 24 तास कोमट पाण्यात भिजवावे आणि ओल्या कोकोपीट-पर्लाइटवर पेरून झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवावे. उगवणीला 27 ते 30 अंशांची ऊब लागते, ती सोलापुरात वर्षातले बरेच महिने घरातल्या कपाटावर आपोआप मिळते. मेमध्ये डबा जास्त तापणार नाही एवढे पाहावे. उगवण एका महिन्यापासून नऊ महिन्यांपर्यंत कधीही आणि तुटकतुटक होते, त्यामुळे डबा लवकर टाकून देऊ नये. बियांपासूनचे रोप साधारणपणे दोन-तीन वर्षांनी फुलते.

टक्काच्या कंदांत टॅकॅलोनोलाइड ही कडू, पेशीविभाजन रोखणारी संयुगे असतात. कर्करोगावरील औषधांसाठी त्यांच्यावर संशोधन चालू आहे, पण घरगुती औषध म्हणून कंद वा पाने पोटात घेऊ नयेत. कापणी-विभागणीनंतर हात साबणाने धुवावेत.